बेटावरची गोफण

दाराच्या मागे खुंटीला दादाची गोफण अजून टांगलेली आहे. त्याचे कपडे देऊन झाले, पुस्तकं मी माझ्याकडे न्यायला बांधून ठेवली, खाट धुऊन अंगणात उभी केली. गोफणीला मात्र हात लावला तो फक्त हुंगायला. अंबाडीच्या वाखाचा वास केव्हाच गेलाय. राहिलाय तो घामाचा आणि नदीतल्या ओल्या वाळूचा. वाळूला वास नसतो असं लोक म्हणतात. ज्यांच्या नदीत अजून वाळू आहे त्यांनी खुशाल म्हणावं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंता. डोळखांबच्या अंगाला एका शाळेत शिक्षक होता. लग्न केलं नाही. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि पुढे आम्ही विचारायचं सोडून दिलं. तो आणि आई गावातच राहिले. मी आधी शिकायला आणि मग ग्रंथालयातल्या नोकरीसाठी बाहेर पडलो, तरी प्रत्येक उन्हाळ्यात येत राहिलो. ही गोफण आईनं वळलेली. भात दाण्यात आलं की पाखरांची झुंड उतरते, तिला हाकलायला. दादा ती खुंटीवरून काढायचा होळी झाल्यावर. तेव्हा शेतात राखण्यासारखं काहीच नसतं. नुसती ढेकळं आणि पालापाचोळा पसरून भाजलेल्या राबाची राख.

घराच्या मागून उतरलं की नदी. नकाशात तिला नाव आहे, पण गावात कुणी ते घेत नसे. नदी म्हणजे नदी. अलीकडचा काठ शहापूर तालुक्यात, पलीकडचा मुरबाडात. उन्हं वाढत जायची तशी धार बारीक व्हायची, डोह काळेशार होऊन आपापल्या जागी बसायचे, आणि मधोमध वाळूचं एक लांबट बेट वर यायचं. आधी ओली करडी पाठ दिसायची, मग हळूहळू सगळं अंग सुकून पांढरं पडायचं. दर वर्षी त्याचा आकार थोडा वेगळा असे. लहानपणी मला वाटायचं, नदी पावसाळाभर ते कुठेतरी सांभाळून ठेवते आणि उन्हाळ्यात वाळवणासारखं बाहेर घालते.

त्या बेटावर ते पक्षी यायचे. राखाडी पाठ, काळी टोपी, पिवळीधमक चोच, दुभंगलेलं लांब शेपूट. उडताना असे हलके, की वाऱ्याला काही लागतच नसेल. डोहावर एका जागी पंख मारत थांबायचे, खाली बघायचे आणि दगड सुटावा तसे पाण्यात पडायचे. वर येताना चोचीत चांदीची काडी चमकायची. गावात सगळे त्यांना नुसतं ‘नदीवरची पाखरं’ म्हणत. त्यांचं पुस्तकातलं नाव मला शहापूरच्या वाचनालयात सापडलं: सुरय. मी धावतपळत घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती.

“सुरय?” ती म्हणाली. “पोरीचं नाव वाटतंय. बरं नाव हाय.”

दादा मात्र दिवसभर ते नाव स्वतःशीच म्हणत राहिला.

अंडी उघड्या वाळूवर असत. घरटं नाही, काटकी नाही, नुसता पोटानं घासून केलेला उथळ खळगा आणि त्यात गोट्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची अंडी. दुपारी त्या वाळूवर पाय ठेवता येत नसे. मग मादी उठायची, डोहावर जाऊन पोट बुडवायची आणि ओल्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर बसायची. सूर्य डोक्यावर असेपर्यंत तिची ही ये-जा चालू. दादा काठावरच्या करंजाखाली बसून ते बघायचा. त्या सावलीला शेजारच्या मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास असे. खालच्या दगडांवर बायका धुणं आपटत. त्याचा आवाज पाण्यावरून उशिरा यायचा, हात वर गेलेला दिसायचा तेव्हा ऐकू येई. मी पुस्तक घेऊन बसायचो आणि पान उलटायला विसरायचो.

मादी उठली की कावळे यायचे. ते लांबच्या उंबरावर आधीपासून बसलेले असत. ती पाण्याकडे वळली की एक जण वाळूवर उतरे आणि काही काम नसल्यासारखा तिरका तिरका चालत खळग्याकडे निघे. तेव्हा दादा उठायचा. गोफण डोक्यावर गरगर फिरायची, दोरी सुटताना फट्दिशी वाजायची आणि दगड कावळ्याच्या पुढ्यात पडून वाळू उडायची. त्याबरोबर तोंडानं “हाऽऽट्!” कावळ्याला दगड लागलेला मी एकदाही पाहिला नाही. तसा त्याचा नेम पक्का होता, झाडावरची कैरी देठाशी तोडायचा. मी विचारलं तर म्हणाला, “त्याच्या घरी पण पिलं असतील ना रे. त्याला नुसतं समजलं पायजे, इथं कोणीतरी बसलाय.”

दत्तू त्याला यावरून फार छळायचा. दत्तू लहानपणी दादाच्याच वर्गात होता. पुढे तो नदीतली रेती वाहणारा ट्रॅक्टर चालवायला लागला. ट्रॅक्टर उतारावर उभा करून तो करंजाखाली येऊन बसे, टोपीनं वारा घेई.

“वसंता, लोक गोफण फिरवतात पाखरं हाकलायला, तू फिरवतस पाखरं राखायला. तुज्या मास्तरकीत सगळं उलटंच.”

“तू रेती भर. तुजं काम सुलटं हाय ना?”

“आनि नेम बघ कसा! एक कावला मरंल तर शप्पत.”

“नेम चुकवायला पण नेम लागतो, दत्त्या.”

“ही पाखरं कुठल्या तालुक्याची रे, पन? आपली का मुरबाडची?”

“तू सांग.”

“अंडी शहापूरची आनि मासे मुरबाडचे. म्हंजे सासरी खातात आनि माहेरी बसतात!” असं म्हणून तो स्वतःच एवढा हसायचा, की बेटावरची सगळी पाखरं उठून कालवा करायची. मग तोच वरमून म्हणायचा, “बसा बायांनो, बसा. चुकलं.”

पण दत्तू नुसता छळत नव्हता. दादाच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच्या दिवसांत, सकाळच्या वेळी काठावर कुणी नसे. तेव्हा ट्रॅक्टर भरेपर्यंत दत्तू तिथं उभा राहून कावळ्यांना हाकलत असे. त्याला गोफण जमायची नाही. तो नुसता हात वर करून ओरडायचा. दादाचीच हाळी, पण दत्तूच्या घोगऱ्या आवाजात. ती आमच्या परसापर्यंत ऐकू यायची. आई म्हणायची, “ऐक, वसंताचा बदलीवाला मास्तर आला.” अशी बरीच वर्षं गेली. ट्रॅक्टर बेटाच्या खालच्या टोकाकडून वाळू उचलत आणि पुराबरोबर नदी ती परत आणून टाके. आम्हाला वाटायचं, हे असंच चालणार. नदी काय, देतच राहणार.

मग एका वैशाखात दत्तू ट्रॅक्टर न घेता आला. अंगणात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

“वसंता, उद्या बेटावर मशीन लागनार हाय. मोटं, पोकलेन. वरच्या टोकाकडनं काढायला घेतील.”

“अंडी हायत रे वरच्या टोकाला.”

“म्हून तर सांगाया आलू. माज्या हातात काय नाय त्यात.”

दादा ओट्यावर बसून राहिला. मग आतून आईच बोलली. ती आयुष्यभर कोंबड्या पाळत आलेली बाई. अंडी अडचणीत असली की करायचं काय, याचं तिच्यापाशी एकच उत्तर होतं आणि ते आजवर कधी चुकलं नव्हतं.

“तांबडी खुडूक हाय,” ती म्हणाली. “तिच्याखाली घालू. कोंबडीला काय, कुनाचं का असंना, ऊब देते.”

आम्ही आईची मुलं. हे ऐकून दत्तूसकट आमच्या तिघांच्याही चेहऱ्यावर उजेड आला. मी एवढी पुस्तकं वाचलेला, मलाही वाटलं, हे आधी कसं सुचलं नाही! एकच कोंबडी खुडूक होती, तेव्हा मशीन लागायचं त्या टोकाची तेवढी अंडी आणायची आणि पलीकडची देवाच्या हवाली करायची असं ठरलं. संध्याकाळी आम्ही उन्हानं तापलेल्या वाळूतून गेलो. सुरय डोक्यावर येऊन चोची मारत होत्या, कानाजवळून सूं करत जात होत्या. दादानं टॉवेलात ओला कोंडा घेतला होता. एकेक अंडं उचलताना तो पुटपुटत होता, “आणून देतो, आणून देतो.” आम्ही काठाला लागलो तरी एक मादी रिकाम्या खळग्यात उतरून पोट घासत बसली होती.

आईनं टोपलीत भाताचं तूस घातलं, मधे अंडी ठेवली. कडेला एक कोळसा आणि लोखंडी खिळा खोवला. वीज कडाडली तरी अंडी गंदी होऊ नयेत म्हणून आमच्याकडे हे करतात. तांबडीनं मान तिरकी करून अंड्यांकडे पाहिलं, चोचीनं एक-दोन सरकवली आणि पिसं फुलवून बसली. दादानं आईला मादीच्या ओल्या पोटाचं सांगितलं होतं. म्हणून आई दुपारच्या वेळी बोटं पाण्यात बुडवून अंड्यांवर शिंपडायची. मोठ्या मनानं तांबडी तेही सोसायची.

मशीन त्या वर्षी आलंच नाही.

का आलं नाही, ते दत्तूलाही ठाऊक नव्हतं. उद्या, परवा करत आठवडा गेला. आम्ही रिकामं केलेलं ते टोक तसंच पांढरं पडून राहिलं. दादा अंडी परत ठेवायला निघाला, तर टोपलीत पहिल्या अंड्याला तडा गेलेला. त्यानं तरी टोपली बेटावर नेली, दिवसभर करंजाखाली बसला. वरच्या टोकाच्या सुरयांनी ती जागा सोडली होती. कावळे मात्र होते. उन्हं कलली तेव्हा तो टोपली घेऊन घरी आला.

पिल्लं निघाली. वाळूच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, चोचीच्या टोकाला काळा थेंब. तांबडी त्यांना अंगणात घेऊन गेली, पायांनी माती उकरली आणि कुक्‌कुक् करून दाणे दाखवले. पिल्लं दाण्यांकडे बघायची नाहीत. ती तोंडं उघडून आकाशाकडे बघत बसायची. त्यांचा घास वरून यायचा असतो. तांबडी पुन्हा उकरायची, पुन्हा बोलवायची, दाणा चोचीत धरून त्यांच्यापुढे टाकायची. मग थकून त्यांना पंखाखाली घ्यायची. सबंध अंगणात कुणाचंच काही चुकत नव्हतं.

आम्ही डोहातले बारके मासे आणून भरवले. दादानं रात्रंदिवस तेच केलं. काही खायची, काही टाकायची. एकेक करून गेली. आई प्रत्येकाला परसातल्या केळीखाली पुरायची आणि दादाकडे न बघता आत जायची. त्याच दिवसांत बेटाच्या पलीकडच्या टोकाची, आम्ही देवाच्या हवाली केलेली सगळी पिल्लं पाण्याच्या कडेनं दुडकत होती, पंख पसरून बघत होती. ती उडाली. आम्ही जी वाचवली तेवढीच मेली.

एक राहिलं होतं. त्याला राखाडी पिसं फुटली, शेपूट दुभंगायला लागलं. ते तांबडीच्या मागे चालायचं, तिच्यासारखं धुळीत लोळायचं. दत्तू येऊन बघून गेला. “वसंता, हे काय आरवनार हाय काय रे आता?” म्हणाला. खूप दिवसांनी दादा हसला.

ज्या सकाळी ते अंगणातून उडून गोठ्याच्या कौलांवर बसलं, त्या सकाळी आम्ही त्याला नदीवर नेलं. दादानं दोन्ही हातांत धरून वर सोडलं. ते उडालं. पहिल्यांदा जरा कलंडलं, मग वारा लागला आणि डोहावर एक मोठं वळण घेतलं. काळ्या कातळापुढून ते पांढरं वळण गेलं तेव्हा दत्तूनं डोक्यावरची टोपी काढली. मी दादाकडे पाहिलं. एवढा सुखी चेहरा मी त्याचा त्याआधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही.

मग ते पाण्यावर बसलं. अंगणात बसावं तसं. त्याच्या पिसांना पाणी कसं झटकायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. भिजत भिजत ते खाली जायला लागलं. दादा कपड्यानिशी डोहात पडला. बाहेर आला तेव्हा मुठीत ओल्या चिंधीएवढं काहीतरी होतं आणि ते अजून धडधडत होतं. आईनं त्याला चुलीजवळ शेकलं आणि तांबडीच्या पंखाखाली दिलं. सकाळी ते गार होतं. तांबडी पुढे दोन-तीन संध्याकाळी अंगणभर फिरून त्याला हाका मारत होती. ती कुक्‌कुक् मला अजून कधीकधी वाचताना ऐकू येते.

पुढच्या उन्हाळ्यात मशीन आलं.

त्यानंतर बेट वर आलं नाही. सुरय आल्या, काही दिवस त्या जागेवर, आता नुसतं पाणी असलेल्या जागेवर, पंख मारत थांबल्या आणि गेल्या. नंतरच्या वर्षी एक जोडी आली. नंतर नाही. काठाला चिखल राहिला, चिखलावर बेशरमाची झुडपं माजली. करंजही एका पुरात गेला. दत्तूचं रेतीचं काम संपलं. तो आता आटगावला रिक्षा चालवतो. तांबडी गेली, आई गेली. दादा मात्र होळी झाली की खुंटीवरची गोफण काढून जात राहिला, जुन्या जागेच्या समोर दगडावर बसत राहिला. मी एकदा म्हटलं, “दादा, कशाला रे उन्हाचा बसतोस? काय राखतोस?” तो म्हणाला, “आली, आणि कोणी नसलं तर?” यंदाच्या होळीला गोफण खुंटीवरच राहिली. दादा त्याच्या आधी गेला.

काल त्याचा दहावा झाला. नदीवरच, त्याच्या त्या दगडापाशी. मी पिंड मांडले आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. आईच्या वेळी कावळा लगेच शिवला होता. तिला प्रत्येक गोष्टीची घाईच असायची. काल एकही येईना. उंबर तोडलेला. उन्हं तापली. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला, शब्द द्या त्यांना. नात्यातल्यांनी घर सांभाळू, दिवाबत्ती करू असं काय काय सांगितलं. कावळा येईना. इच्छा काय होती ते सगळ्या गावाला माहीत होतं, पण ते बोलायला कुणाची जीभ रेटेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले. काय शब्द देणार? खोटं बोललं तर त्याला कळलं असतं.

दत्तू माझ्या शेजारी उभा होता. डोळे पुसत हळूच म्हणाला, “कावला येतोय कसा! याच्या हातचे दगड काय कमी झेललेत त्यांनी?” रडता रडता चार माणसं हसली.

आणि तेवढ्यात एक आला. पलीकडच्या, मुरबाडच्या काठावरून. चिखलावर उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि काही काम नसल्यासारखा तिरका तिरका चालत पिंडाकडे निघाला. अगदी तसाच. तो आणखी दोन उड्या जवळ आला आणि दत्तूचा हात झटकन वर गेला.

“हाऽऽट्!”

घोगरा, मोठा, पाण्यावरून परत येणारा आवाज. कावळा उडाला आणि नदी ओलांडून गेला.

मग मागून एक म्हातारा ओरडला, “अरे मेल्या, हे काय केलंस?” दत्तूचा हात तसाच वर होता. तो त्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मग मटकन खाली बसला. “मला वाटलं,” तो म्हणाला, “मला वाटलं, अंडी हायत.”

त्यानंतर ऊन उतरेपर्यंत थांबलो. एकही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून दिला आणि मी तो पिंडाला लावला. अशा वेळी असं चालतं म्हणतात.

आता घर जवळपास रिकामं झालंय. गोफण मी परत खुंटीला लावली. नेऊन तरी कुठे वापरणार? दारातून अंगण दिसतंय. मघापासून उभ्या खाटेच्या पायावर एक कावळा येऊन बसलाय. माझ्याकडे बघतोय, मान तिरकी करतोय, उठायच्या तयारीत आहे. मी नुसता हात वर करीन म्हणून.

बस बाबा. इथं आता राखायचं काही नाही.